एकादशीचा भेजा

सर खोलीत येण्याआधी त्यांचा वास यायचा. एक बुक्क्याचा आणि दुसरा फॉर्मलिनचा. कपाळावर गोपीचंदनाचा टिळा, त्याखाली बुक्क्याचा काळा ठिपका, गळ्यात तुळशीची माळ आणि हातात बहुतेक वेळा कुणाचा तरी मेंदू. कळंबच्या कॉलेजात ते प्राणिशास्त्र शिकवायचे. मी तिथं तासिका तत्त्वावर रुजू झाले तेव्हा त्यांची निवृत्ती जवळ आली होती. त्यांच्याविषयी मला आधी कुणी काही सांगितलं नव्हतं, हे बरंच झालं. सांगितलं असतं तर मी पहिल्याच दिवशी धाराशिवची परतीची बस पकडली असती.

प्रयोगशाळेच्या भिंतीवर एक जुना तक्ता होता. खालच्या पायरीवर माशाचा मेंदू, मग बेडकाचा, सरड्याचा, कोंबडीचा, शेळीचा आणि सगळ्यात वरच्या पायरीवर माणसाचा. हा तक्ता आडवा टांगलेला होता. खिळा निसटला असेल असं समजून मी तो सरळ केला. दुपारी पाहिलं तर पुन्हा आडवा. मी पुन्हा सरळ केला. संध्याकाळी सर हातात स्टूल घेऊन माझ्यासमोर उभे राहिले.

"मॅडम, शिडी उभी करू नका. लोक चढायला बघतात."

"पण सर, तो तसाच आहे ना? छापलेला?"

"छापणाऱ्याला वाटलं, माशाचा मेंदू वाढत वाढत शेवटी माणसाचा झाला. मासा काय आपली वाट बघत पायरीवर बसून राहिलाय व्हय? जेवढी वर्षं आपण चालत आलो तेवढीच तोबी चालत आला, त्याच्या वाटेनं. धरणातला आजचा मासा आपल्याइतकाच आजचा आहे." एवढं बोलून ते स्टुलावर चढले आणि तक्ता पुन्हा आडवा केला. "आता कुणी वर न्हाई, कुणी खाली न्हाई. सगळे शेजारी."

त्यामुळे आमच्या प्रयोगशाळेत येणारा प्रत्येक माणूस आधी मान वाकडी करायचा. नवीन विद्यार्थी, पालक, तपासणीला आलेले पाहुणे, सगळे. कोंबडी एका डोळ्यानं दाणा बघते, तसे सगळे त्या तक्त्याकडे बघत. सरांना ते दृश्य फार आवडे.

माझं शिक्षण पहिलीपासून इंग्रजी माध्यमात झालं. सेरेबेलम म्हटलं की मला सगळं आठवायचं, पण तेच मराठीत सांगायचं झालं की माझी जीभ गोळा व्हायची. त्यात मुळातच मी कमी बोलणारी. माझं शिकवणं पहिल्या बाकापर्यंत पोहोचायचं, दुसऱ्या बाकाला नुसते माझे ओठ हललेले दिसायचे. एकदा सर माझ्या तासाला शेवटच्या बाकावर येऊन बसले आणि पूर्ण तासभर कानामागं हात धरून ऐकत राहिले. तास संपल्यावर कानामागचा हात तसाच ठेवून निघून गेले. मला ते बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

ते स्वतः शिकवायचे तेव्हा व्हरांड्यातून जाणारे कॉमर्सचे विद्यार्थीही थांबायचे. मधमाशीचा मेंदू खसखशीच्या दाण्याएवढा, असं म्हणताना ते खरोखर खसखशीचा दाणा बोटाच्या टोकावर घेऊन वर्गभर फिरायचे. "एवढ्यात काय काय बसवलंय बघा. घर कुठं, फूल कुठं, ऊन कुठल्या बाजूचं. आन् तुमाला बसस्टँडवरून कॉलेजला यायला दोन तास लागतेत."

समुद्र त्यांनी एकदाच पाहिला होता, पण ऑक्टोपसवर त्यांचं प्रेम होतं. "त्याच्या मेंदूचा निम्म्याहून जास्त कारभार हातातच असतो. उसाची टोळी बघा. मुकादम म्हणतो, हा फड तोडा. पुढं कोयता कसा फिरवायचा हे मुकादमाला कोण विचारतं का? तसं." मी ढोकीजवळ उसाच्या ट्रॉल्यांमागं बसमध्ये अडकले की खिडकीतून फडात चालणारे कोयते बघायचे, आणि मला ऑक्टोपस आठवायचा. हे मी कुणाला सांगू शकत नव्हते.

कावळ्याचा मेंदू एवढासा, तरी तो इतका हुशार कसा, असं कुणी विचारलं की ते म्हणायचे, "पोत्याचा आकार बघू नका, ज्वारी किती ठासून भरलीय ते बघा." कळंबच्या बाजारात वाढलेल्या मुलांना याहून जास्त सांगावं लागत नसे. आणि सगळ्यात हुशार प्राणी कोणता, या नेहमीच्या प्रश्नाला त्यांचं नेहमीचं उत्तर होतं, "कशात? ते आधी सांगा."

माणसांना प्राणी वाटून देण्याची त्यांना सवय होती. कँटीनच्या मावशी मधमाशी, कारण कुणाला साखर कमी आणि कुणाला आलं जास्त, हे त्या कधी विसरत नसत. ऑफिसातले हेडक्लार्क कार्प मासा. कार्प चिखल तोंडात घेतो, त्यातलं खाण्याचं तेवढं निवडतो आणि बाकीचं थुंकतो. हेडक्लार्कही अर्जांचं तेच करत. स्वतःला सर मेंढरू म्हणवून घेत.

हे विनयानं म्हणत नसत. ते धनगराच्या घरातले. तेरजवळच्या गावात त्यांच्या वडिलांची मेंढरं होती. संध्याकाळी रानातून कळप आला की कोकरं सोडायची, आणि एवढ्या गर्दीत एकेक कोकरू नेमकं आपल्या आईला जाऊन लुचायचं. "मी लहानपणी त्यातच बसून ऱ्हायचो. वाटायचं, ह्यांना कसं कळतं? त्या एका प्रश्नावर मी एवढं शिकलो." कुणी विद्यार्थ्यांना 'मेंढरासारखे' म्हटलं की ते चिडायचे. "मेंढराला माणसांचे चेहरे ध्यानात ऱ्हातेत. तुम्हाला तुमच्या वर्गातल्या पोरांचे ऱ्हातेत का?"

सगळ्यांना प्राणी मिळाले होते. मला मिळाला नव्हता. मी विचारलं नाही. पण ते कुणाला काही म्हणायला लागले की मी हातातलं काम थांबवून ऐकायचे.

आता चाचांविषयी सांगितलं पाहिजे. चाचांचं मटणाचं दुकान सरांच्या गल्लीच्या तोंडाशी. आमच्याकडे मुद्दाम कुठला जीव मारायचा नाही, हा सरांचा दंडक. "जीव घ्यायचा न्हाई आन् गेलेला वाया घालवायचा न्हाई." म्हणून कोंबडीचा, माशाचा, शेळीचा मेंदू बाजारातूनच यायचा. शेळीचा मात्र मिळणं अवघड, कारण दुकानात मुंडकं एका घावात फोडतात आणि मेंदूचा चुरा होतो. अख्खा काढायचा तर कवटी हळूहळू कापावी लागते. रविवारच्या गर्दीत ते कोण करणार? चाचांना निवांतपणा मिळायचा फक्त एकादशीला. त्या दिवशी अर्धी गल्ली उपवासाला, दुकानात गिऱ्हाईक फिरकत नसे. म्हणून सर दर एकादशीला, स्वतः कडकडीत उपवास धरून, कापडी पिशवी घेऊन चाचांकडे जायचे. चाचा त्यांना खुर्ची द्यायचे, पुसून. दोघं देशाच्या राजकारणावर बोलत आणि मधेमधे चाचा करवत चालवत.

ती पिशवी काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, वेगळ्या रंगाची शिवली होती. तिला घराच्या उंबऱ्याच्या आत मज्जाव होता. ती फाटकावर लटकायची आणि तिथूनच कॉलेजला यायची. मग बरणी, फॉर्मलिन, आणि बरणीवर सरांच्या ठसठशीत अक्षरात चिठ्ठी: 'शेळी, कामदा'. 'शेळी, मोहिनी'. ज्या एकादशीला मिळाला तिचं नाव. तारखा त्यांच्या लक्षात राहत नसत, एकादश्या राहत. कपाटात एक ओळच्या ओळ होती आणि मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला वाटलं होतं, ही शेळ्यांची नावं आहेत.

त्या वर्षी सफला एकादशीचा मेंदू काढताना तडकला. पुढच्या, पुत्रदा एकादशीला सर दुकानात खुर्चीवर बसून चाचांना समजावत होते, "ह्या वेळी साबूत पाहिजे बरं का. मागच्या एकादशीचा तडकला होता, मजा गेली सगळी." आणि चाचा म्हणाले, "सर, आज असा काढतो की बघत बसाल. एक दाग न्हाई."

दुकानासमोरून अण्णा सायकलवर चालले होते.

अण्णा एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. गल्लीच्या मारुतीच्या देवळात जे भजनी मंडळ आहे त्याचे ते प्रमुख, आणि सर त्याच मंडळाचे पखवाजवादक. कीर्तनाला गर्दी झाली की अण्णा अजून "पुढं सरका, पुढं सरका, मागं जागा न्हाई" असंच ओरडतात. त्यांनी सायकल थांबवली नाही. पण जे ऐकलं ते पुरेसं होतं. माळकरी माणूस, एकादशीचा दिवस, मटणाचं दुकान, आणि 'मागच्या एकादशीचा'.

पुढच्या गुरुवारी सर भजनाला गेले तर पखवाज दुसऱ्याच माणसापुढं ठेवलेला. अण्णांनी टाळ उचलला आणि सरांकडे न बघता सुरुवात केली. सर मागं भिंतीला टेकून शेवटपर्यंत बसले आणि घरी आले. हे मला काकूंनी सांगितलं, डबा द्यायला आल्या होत्या तेव्हा. "माघातला सप्ताह तोंडावर आलाय. तीस वर्षं ह्यांच्याबिगर सप्ताह झाला न्हाई. रातच्याला उशीवर बोटं वाजवीत बसतेत. मला म्हणतेत, तू झोप."

प्रयोगशाळेत फरक दिसत होता. सर शिकवायचे, पण कुणाला नवीन प्राणी देत नसत. खसखशीची डबी टेबलावर तशीच पडून असायची. एकदा धीर करून मी विचारलं, "सर, तुम्ही त्यांना सांगत का नाही? की तुम्ही खात नाही म्हणून?"

ते बरणीचं झाकण घट्ट करत राहिले. मग म्हणाले, "'शिव शिव, मी कसला खातो' असं चारचौघांत म्हणायचं, आन् चाचा समोर करवत धरून उभा. त्याला काय वाटंल? मला खुर्ची पुसून देतो तो. आन् आणायचं बंद करतो म्हणलं, तर पोरांनी काय चित्रं बघून पास व्हायचं का?"

"पण पखवाज?"

"पखवाज लई आवडतो," ते म्हणाले. बस, एवढंच.

पुढचं काम चाचांनी केलं. त्यांना गल्लीतून कळलं तेव्हा ते तडक अण्णांच्या ओट्यावर गेले आणि म्हणाले, "अण्णा, तुमचे सर भेजा नेतात ते बाटलीत घालून ठेवायला. माझं ऐकू नका, कॉलेजात जाऊन बघा. न्हाई दिसला तर मला येऊन बोला."

अण्णा आले ते नेमके सर धाराशिवला पेपर तपासायला गेले होते त्या दिवशी. दुपारी मी एकटी काचपट्ट्या पुसत होते. दारात चपलांचा ढीग झालेला दिसला. प्रयोगशाळेत कुणी चपला काढत नाही, पण मंडळाच्या पाच जणांनी देवळात यावं तशा बाहेर काढल्या होत्या. पांढऱ्या टोप्या, धोतरं, एकाच्या हातात काठी. सगळ्यांत पुढं अण्णा.

"सर हायत का?"

"नाहीत. धाराशिवला गेलेत."

"बरं."

आता ते जातील आणि सर आल्यावर येतील, असं मला वाटलं. आणि लगेच कळलं की सर असताना आले तर सर काहीच सांगणार नाहीत. तेवढ्यात पाचही जणांच्या माना एकदम उजवीकडे कलल्या. त्यांना तक्ता दिसला होता.

"हे आडवं का टांगलंय वो?"

'सर आल्यावर विचारा' हे वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. मी ते गिळलं. "ती शिडी नाही, म्हणून," मी म्हणाले.

"काय म्हणती?" काठीवाल्यांनी शेजाऱ्याला विचारलं.

"मोठ्यानं बोल बाई. म्हातारी माणसं हावोत आमी," अण्णा म्हणाले.

मग मी मोठ्यानं बोलले. इतक्या मोठ्यानं की मला माझाच आवाज परका वाटला. कपाट उघडलं आणि बरण्या एकेक करून टेबलावर मांडल्या. अण्णा चष्मा वर करून चिठ्ठ्या वाचायला लागले. "कामदा... मोहिनी... योगिनी... मोक्षदा..." वाचता वाचता त्यांचा आवाज आरतीसारखा लागला. "आरं, समद्या एकादश्या हितंच हायत की." एका बरणीपाशी ते थांबले. "सफला, तडकलेला." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "ह्योच का त्यो? मागच्या एकादशीचा?"

"हो. इथं चीर गेलीय बघा. त्यामुळे आतला भाग नीट दाखवता येत नाही."

अण्णांनी बरणी खिडकीकडे धरून ती चीर नीट बघितली. मग त्यांच्या खांद्यांपासून हसू सुरू झालं आणि टोपीपर्यंत गेलं. बाकीच्यांना काही कळेना. ते म्हणाले, "पुढं सरका, पुढं सरका, सगळ्यांना दिसू द्या."

त्यानंतर मी थांबलेच नाही. शब्द अडला की वस्तू दाखवत होते. कार्पचा मेंदू म्हणजे ज्वारीचे चार दाणे एकापुढं एक ठेवल्यासारखा, पण मागच्या बाजूला फुगलेला. तो फुगवटा चवीचा, चिखलातून खाणं निवडण्याचा. "म्हंजे तोंडातच पाखडायचं सूप!" काठीवाले म्हणाले, आणि त्यांना स्वतःचंच बोलणं इतकं आवडलं की त्यांनी ते दोनदा म्हटलं. कोंबडीच्या मेंदूला बाजूनं दोन मोठे गोळे, ते डोळ्यांचे. शेळीच्या मेंदूच्या पुढच्या टोकाला दोन कळ्या, त्या वासाच्या, त्यांच्यामुळे ती आपलं करडू दुसऱ्याच्या करडांतून वेगळं काढते.

"आन् ह्या समद्यांत हुशार कोण म्हणायचा?" अण्णांनी विचारलं.

"कशात? ते आधी सांगा," मी म्हणाले. ते माझ्या तोंडून कसं आलं मला माहीत नाही.

तेवढ्यात व्हरांड्यात एक चप्पल करकरली. फक्त डावी. सरांची डावी चप्पल करकरते, उजवी नाही. पावलं दारापर्यंत आली आणि थांबली. मी मागं वळून पाहिलं नाही. मधमाशीबद्दल सांगायचं राहिलं होतं, म्हणून खसखशीची डबी उघडली आणि दाणा बोटावर घेऊन पाच जणांपुढं फिरवला.

सगळं संपल्यावर अण्णांना दारात सर दिसले. माफी वगैरे कुणी मागितली नाही. अण्णा म्हणाले, "सर, उद्या कणीक मळून आणा. त्या गड्याला पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावता येत न्हाई. भिजलेल्या पोत्यावानी वाजाया लागलाय."

"सैल लावत असंल," सर म्हणाले. "घट्ट मळावी लागती." आणि खिशातून रुमाल काढून चष्मा पुसत बसले. चष्मा स्वच्छ होता.

जाताना अण्णा पुन्हा वळले. "आन् त्यो चाचा! एकादशीला बसून एवढी मेहनत करतो. त्याला काल्याच्या दिवशी जेवायला बोलवा."

सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी, काल्याच्या कीर्तनाला, मीही गेले. काकूंनी मला ओढत बायकांच्या बाजूला पुढं बसवलं. सरांची बोटं पखवाजावर अशी पडत होती की मला सारखं त्यांचं ऑक्टोपसबद्दलचं बोलणं आठवत होतं. चेहरा शांत, कुठंतरी लांब बघणारा, आणि हातांचा कारभार हातांकडे. कीर्तनकारबुवाही एकदा थांबून नुसते ऐकत राहिले.

मग पंगत. लापशी, आमटी, भात. चाचा अण्णांच्या शेजारी मांडी घालून बसले होते आणि अण्णा त्यांना तूप घ्यायला भाग पाडत होते. वाढणारी बाई माझ्यापाशी आली तेव्हा सर पलीकडच्या ओळीतून मोठ्यानं म्हणाले, "त्यांना नीट वाढा बरं. त्या आमच्या घुबड आहेत."

पंगतीतले हात थांबले. काकूंनी कपाळावर हात मारला. "अवो! लेकरू लग्नाचं हाय, आन् भर देवळात घुबड म्हणता? जिभेला काही हाड?"

"ऐकून तर घ्या," सर म्हणाले. तोंडात लापशी होती, पण ते थांबणारे नव्हते. "घुबडाच्या मेंदूत आवाजाचा नकाशा असतो. पार अंधार असू द्या, उंदीर कुठं खुडखुडला हे त्याला नुसत्या कानावर कळतं. त्यासाठी एक कान वर आन् एक खाली असतो काही घुबडांचा. घुबड गप्प का बसतं? भितं म्हणून? त्याचं ऐकणं चालू असतं म्हणून." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मी त्या दिवशी दारात आलो, तेव्हा तुला कळलं होतं. मान न वळवता."

मी हो म्हणाले. आणि नकळत दोन्ही कान चाचपून पाहिले. त्यावर जे हसू झालं ते देवळाबाहेरही गेलं असेल. "आरं, घुबडाला लापशी वाढा!" अण्णा ओरडले. सरांनी मला पहिल्यांदाच 'तू' म्हटलं होतं, हे माझ्या नंतर, घरी जाताना बसमध्ये लक्षात आलं.

सर आता निवृत्त झाले. तक्ता आडवाच आहे, आणि मी त्याला हात लावत नाही. काकूंनी ती वेगळ्या रंगाची पिशवी धुऊन माझ्याकडे दिली, म्हणाल्या, "घ्या तुमची इस्टेट." मागच्या एकादशीला मी चाचांच्या दुकानात त्या पुसलेल्या खुर्चीवर बसले होते. चाचा करवत चालवत होते. समोरून अण्णा सायकलवर चालले होते. मला पाहून त्यांनी ब्रेक दाबला आणि भर रस्त्यावरून हाक मारली, "काय घुबड! आजचा कसा हाय?"

रस्त्यावर माणसं होती, रिक्षा होत्या, कॉलेजची मुलंही होती. मी उभी राहिले आणि पलीकडच्या टोकाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "साबूत, अण्णा! एक दाग न्हाई!"